व्हिडिओच्या धंद्यासाठी लॅपटॉप की डेस्कटॉप?

माझा धंदा साडी व ड्रेस मटेरियलचा. मालेगावात या धंद्यात तीस वर्षे झाली. शिक्षण उर्दू माध्यमातून झाले आणि संगणक चाळिशीनंतर हाती आला, तोही हिशोबापुरता. तेव्हा व्हिडिओ एडिटिंगसाठी कोणता संगणक घ्यावा यावर मी लिहावे, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु या एका प्रश्नावर मी स्वतःच्या खिशातले एक लाख बारा हजार रुपये चुकीच्या जागी घातले आहेत, आणि त्यापायी एका भल्या माणसाला जो मनस्ताप झाला तो वेगळाच. गेल्या वर्षभरात ओळखीच्या दहा-बारा जणांनी मला विचारले, "मुलाला व्हिडिओचे काम करायचे आहे, लॅपटॉप कोणता घेऊ?" डेस्कटॉप कोणता घेऊ, असे एकानेही विचारले नाही. म्हणून हे लिहीत आहे.

मालेगावला हे काम नवे नाही. नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला तेव्हा संकलन दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून केले होते. एकावर फिल्म चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढा तुकडा उतरवून घ्यायचा. पुढे फैजा अहमद खान यांनी या मंडळींवर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला आणि रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २०२५ च्या फेब्रुवारीत चित्रपटगृहांत लागला. त्या व्हीसीआरची आठवण एवढ्यासाठी काढली, की ते यंत्र काखेत मारून फिरायचे नव्हते. काम एका जागी बसून होत असे. आजही एडिटिंगचे काम एका जागी बसूनच होते. यंत्र मात्र आपण फिरते मागतो.

माझ्या मोठ्या बहिणीचा मुलगा लग्नांचे शूटिंग करतो. आधी तो दुसऱ्याच्या स्टुडिओत रोजावर जात असे. २०२२ च्या ऑक्टोबरात, सीझनच्या तोंडावर, मी त्याला म्हटले, स्वतःचे काम सुरू कर, यंत्र मी घेऊन देतो. दुकानात गेलो. एक-दोन डेस्कटॉप कोपऱ्यात मांडलेले होते, पण पोराची नजर काचेच्या कपाटातल्या लॅपटॉपवर. मी डेस्कटॉपकडे बोट दाखवले तर म्हणाला, "मामू, हा डबा लग्नात कसा नेणार?" मला ते पटले. विक्रेत्याने इंग्रजीत दहा गोष्टी सांगितल्या, त्यांतल्या दोन कळल्या. लॅपटॉप दिसायला देखणा, कीबोर्डखाली रंगीत दिवे. खरे सांगायचे तर, भाच्याला चांगली वस्तू घेऊन दिली हे चार लोकांत दिसावे, असेही मनात होते. कापड घेताना मी असे कधी करत नाही. तिथे ताका उलगडून, उलटा करून, पाणी लावून पाहतो.

हिवाळा चांगला गेला. मार्च संपता संपता लॅपटॉप रडू लागला. जी फिल्म सकाळी चाळीस मिनिटांत तयार होई, तिलाच दुपारी सव्वा तास लागे. भाच्याला वाटले व्हायरस आला. व्हायरस वगैरे काही नव्हते. संगणकाची चिप फार तापली की स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती आपणच कमी करते. डेस्कटॉपच्या पेटीत हवा खेळायला जागा असते, पंखे मोठे असतात. लॅपटॉपमध्ये तीच उष्णता बोटभर जाडीच्या जागेतून बाहेर काढायची असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो. आणि हवेत रुई! शेजारी यंत्रमागाचा कारखाना असला की दारे-खिडक्या लावा, पडदे लावा, तुसाचा थर बसतोच. लॅपटॉपच्या पंख्यापुढे धातूच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते. आम्ही पुढे ती उघडून घेतली तेव्हा तिच्यावर नमद्यासारखा थर निघाला. डेस्कटॉपमध्येही तूस जातेच, पण त्याची बाजूची पत्र्याची झडप दोन स्क्रू काढले की उघडते. दर पंधरा दिवसांनी ब्रश आणि ब्लोअर मारला की झाले. माग साफ करणाऱ्या माणसाला हे शिकवावे लागत नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात लॅपटॉप बंद पडला तो पडलाच. मदरबोर्ड गेला होता. त्यात एका लग्नाची पूर्ण फिल्म होती. वधूचे वडील कुवेतमध्ये नोकरीला. त्यांना रजा मिळाली नव्हती, म्हणून मुलीच्या लग्नाला येता आले नव्हते. वधूचा भाऊ महिन्याच्या रजेवर आलेला, तो परत जाताना फिल्म वडिलांसाठी सोबत नेणार होता. कॅमेऱ्याची कार्डे भाच्याने पुढच्या लग्नासाठी पुसून घेतलेली. इथल्या कारागिराला लॅपटॉप उघडून डिस्क काढू द्यावी तर वॉरंटी जाईल असे सांगण्यात आले. कंपनीचे सर्व्हिस सेंटर दुसऱ्या शहरात. तिथे बोर्ड यायला एकोणीस दिवस लागले. तेवढ्यात भाऊ रिकाम्या हाताने कुवेतला गेला. डिस्क शाबूत निघाली हे नशीब. फिल्म चोवीस दिवस उशिरा दिली, निम्मे पैसे आपणहून परत केले. त्या घरच्यांनी एक शब्द वावगा काढला नाही. तेच जास्त लागले.

यात कार्डे पुसण्याची चूक भाच्याची, हे मान्य. फिल्म गिऱ्हाईकाच्या हातात पडेपर्यंत मूळ चित्रण निदान दोन वेगळ्या जागी असलेच पाहिजे. पण तो ती का पुसत होता? कारण लॅपटॉपमध्ये जागा नव्हती. इथे थोडा हिशोब मांडतो. फोर-के चित्रण बऱ्याच कॅमेऱ्यांत सेकंदाला शंभर मेगाबिट या दराने होते. आठ बिटचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. तासाला झाले पंचेचाळीस जीबी. एका लग्नाचे सगळ्या कॅमेऱ्यांचे मिळून सहा तास धरा, दोनशे सत्तर जीबी. लॅपटॉपची डिस्क पाचशे बारा जीबीची, त्यातून विंडोज आणि सॉफ्टवेअरची जागा वजा करा. दीड लग्नात गोदाम भरले. सीझनमध्ये आठवड्याला तीन लग्ने असतात. मग बाहेरून डिस्क जोडा, तिची वायर सैल होते, ती टेबलावरून पडते. डेस्कटॉपमध्ये चार टीबीची साधी हार्ड डिस्क आत बसवता येते, भरली की दुसरी. ज्यावर काम चालू आहे तेवढे वेगवान एसएसडीवर ठेवायचे, संपले की मोठ्या डिस्कवर उतरवायचे. दुकान आणि गोदाम, एवढा साधा प्रकार.

आता विक्रेते ज्या ठिकाणी गिऱ्हाईकाला हमखास चकवतात, ते सांगतो. एकाच नावाची चिप लॅपटॉपमध्ये आणि डेस्कटॉपमध्ये एकच नसते. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०७० या ग्राफिक्स कार्डाचे उदाहरण घ्या. डेस्कटॉपच्या कार्डात बारा जीबी मेमरी आणि ते दोनशे वॅटपर्यंत वीज खाते. लॅपटॉपच्या ४०७० मध्ये आठ जीबी, आणि वीज किती द्यायची ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवते. पातळ लॅपटॉपमध्ये ती आणखी कमी. लेबल तेच, माल हलका. एकाच काउंटच्या नावाने दोन प्रतीचे सूत विकले तर आपण बाजारात बोंब मारतो. इथे ते राजरोस चालते, कारण कोणी विचारत नाही. शिवाय असा लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवला की त्याची ताकद आणखी घटते आणि जड कामात बॅटरी तास-दीड तासात बसते. म्हणजे 'कुठेही बसून काम करा' हे जाहिरातीत ठीक. प्रत्यक्षात चार्जरची सुई सुटली की काम मंदावले.

दुसरी गोष्ट, कॅमेऱ्यातून आलेले चित्रण म्हणजे दाबून बांधलेली गाठ असते. एच.२६५ हा प्रकार तर फारच घट्ट दाबलेला. ती गाठ उघडण्याचे काम चिपमधला एक खास भाग करतो. इंटेलच्या चिपांत तो अंगच्या ग्राफिक्सबरोबर येतो. पण ज्या चिपच्या नावाच्या शेवटी एफ अक्षर असते तिच्यात ते ग्राफिक्सच नसते. हजार-दोन हजार वाचतात म्हणून दुकानदार ती एफवाली चिप गळ्यात मारतो. हिशोबाला किंवा खेळाला ती चालेल, पण व्हिडिओवाल्याने घेऊ नये. विशेषतः नवे कॅमेरे दहा बिट, चार-दोन-दोन असे ज्यास म्हणतात ते चित्रण करू लागले आहेत. ते उघडण्याची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये आहे, पण एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५ च्या ५० मालिकेपासूनच आली. आपला कॅमेरा काय काढतो हे आधी पाहावे, मगच चिप ठरवावी. आणि यंत्र कमी ताकदीचे असले तरी 'प्रॉक्सी' म्हणजे चित्रणाच्या हलक्या प्रती करून त्यांवर काम करता येते, शेवटी सॉफ्टवेअर मूळ चित्रण जागेवर लावते. माझ्या भाच्याला हे माहीत असते तर निम्मा उन्हाळा सुखाने गेला असता.

२०२३ च्या जुलैत आम्ही डेस्कटॉप जोडून घेतला. इंटेलची आय-फाइव्ह, अंगच्या ग्राफिक्ससह. बत्तीस जीबी रॅम, एक टीबी एसएसडी, चार टीबी हार्ड डिस्क, चोवीस इंची मॉनिटर. बहात्तर हजार झाले. ग्राफिक्स कार्ड मुद्दाम घेतले नाही. सहा महिने त्यावर काम केले आणि जानेवारीत, सीझनच्या कमाईतून, बारा जीबीचे कार्ड सव्वीस हजाराला घालून घेतले. एकूण अठ्ठ्याण्णव हजार, लॅपटॉपपेक्षा चौदा हजार कमी.

पैसे टप्प्याटप्प्याने घालता आले, हा भाग आपल्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. लॅपटॉप एकदम घ्यावा लागतो, म्हणून बहुतेक घरांत तो हप्त्यावर येतो. दुकानावर 'बिनव्याजी हप्ते' अशी पाटी असते. शून्य टक्के व्याज असा प्रकार मुळात अस्तित्वात नसतो, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना परिपत्रक काढून बजावले आहे. व्याज असतेच. कंपनी तेवढी सूट दाखवते, बँक व्याज लावते, आणि त्या व्याजावर जीएसटी आपण भरतो. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी पाटी वाचून समाधान मानू नये, बँकेचा कागद वाचावा. डेस्कटॉप रोखीने, तुकड्या-तुकड्याने उभा राहतो. आमच्याकडे कारखानदार एका मागाचे चार माग असेच करत आले. मात्र रॅमच्या बाबतीत 'पुढे वाढवू' म्हणणारे फसले. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव असे भडकले की सुताच्या तेजीची आठवण झाली. रॅम सुरुवातीलाच पुरेशी घ्यावी. सोळा जीबी म्हणजे किमान, बत्तीस असेल तर निश्चिंत.

बिल मात्र आपल्या जीएसटी नंबरावर घ्यावे. संगणकावर अठरा टक्के कर आहे आणि धंद्यासाठी घेतलेल्या यंत्रावर तो जमा मिळतो. कंपोझिशनमध्ये असलेल्यांना मिळत नाही, त्यांनी भाव करताना हे ध्यानात ठेवावे.

आता माझ्या स्वतःच्या धंद्याचा भाग, ज्यात मला खरोखर काही कळते. दोन-तीन वर्षांपासून बाहेरगावचे व्यापारी माल पाहायला येत नाहीत, व्हिडिओ मागवतात. भाचा दुकानात येऊन साड्यांचे चित्रण करून द्यायचा आणि त्याच लॅपटॉपवर रंग ठीकठाक करायचा. एकदा मरून रंगाचा लॉट परत आला. गिऱ्हाईक म्हणे, व्हिडिओत लाल दाखवलात, आला काळपट. मी साडी लॅपटॉपच्या पडद्याशेजारी धरली. पडद्यावरचा मरून खरेच वेगळा होता. स्वस्त लॅपटॉपचे पडदे रंग पुरे दाखवत नाहीत. फिके दिसले म्हणून एडिटर रंग चढवतो आणि गिऱ्हाईकाच्या चांगल्या मोबाईलवर तो भडक दिसतो. तेहतीस साड्यांचा लॉट, दोन्हीकडचे भाडे आणि एक जुने गिऱ्हाईक, एवढे नुकसान एका पडद्याचे. राणी, मरून, मेहंदी, मोरपिशी हे रंग व्हिडिओत फार दगा देतात. मॉनिटर घेताना आयपीएस पॅनेल आणि शंभर टक्के एसआरजीबी हे दोन शब्द पेटीवर पाहावेत. माझा स्वतःचा नियम साधा आहे, साडी मॉनिटरशेजारी पांढऱ्या दिव्यात धरतो आणि जुळल्याशिवाय व्हिडिओ पाठवू देत नाही. चांगल्या पडद्याचा लॅपटॉप मिळतो, पण तो महाग. डेस्कटॉपला पडदा वेगळा निवडता येतो आणि पेटी बदलली तरी पडदा राहतो.

विजेचा मुद्दा लॅपटॉपवाले काढतील आणि तो खरा आहे. आमच्याकडे लाईट कधी जाईल याचा नेम नाही. लॅपटॉपला पोटात बॅटरी असते, डेस्कटॉपला यूपीएस घ्यावा लागतो. सहाशे व्हीएचा छोटा यूपीएस ग्राफिक्स कार्डवाल्या यंत्राला पुरत नाही, काम चालू असताना लाईट गेली तर तो सेव्ह करण्याआधीच मान टाकतो. निदान एक केव्हीए घ्यावा, आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च धरून चालावे. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवावा, नाहीतर लाईट जाता-येता संगणक पुन्हा सुरू होतो. वीजबिलाचेही सांगतो. डेस्कटॉप कामात सरासरी तीनशे वॅट घेतो असे धरा, आठ तासांचे रोजचे सुमारे अडीच युनिट, महिन्याचे साठ-बासष्ट. लॅपटॉप शंभर वॅट धरला तर वीस-एकवीस. युनिटला दहा रुपये धरले तर महिन्याला चारशे रुपयांचा फरक. लॅपटॉपच्या एका दुरुस्तीत याची अनेक वर्षे निघतात.

दुरुस्तीवर मी मुद्दाम भर देतो. डेस्कटॉपचा पॉवर सप्लाय गेला तर गावातच दुसरा मिळतो, अर्ध्या तासात काम सुरू. रॅम गेली, रॅम बदला. माग का टिकतो? धोटा, पिकर, पट्टा, सगळे मोहल्ल्यात मिळते आणि बसवणारा हात शेजारी असतो म्हणून. लॅपटॉपमध्ये, विशेषतः पातळ लॅपटॉपमध्ये, रॅम पुष्कळदा बोर्डवरच डाग देऊन बसवलेली असते. ती वाढतही नाही, बदलतही नाही. एक सावधगिरी डेस्कटॉपवाल्यांसाठीही आहे. मोठ्या शहरांतल्या कचेऱ्यांतून निघालेले छोटे सेकंडहँड डेस्कटॉप स्वस्तात येतात. त्यांच्या पेटीत मोठे कार्ड मावत नाही आणि पॉवर सप्लायही वेगळ्याच मापाचा असतो. हिशोबाला घ्या, व्हिडिओला नको.

ॲपलच्या यंत्रांविषयी विचारतात. २०२० पासून त्यांनी स्वतःच्या चिपा घातल्या आणि त्या व्हिडिओच्या कामात फार चांगल्या आहेत, हे मान्य केले पाहिजे. त्यांचा लॅपटॉप बॅटरीवरही जवळपास तेवढ्याच गतीने चालतो. पण पंखा नसलेला एअर लांब फिल्म काढताना तापून मंदावतो, आणि मेमरी नंतर वाढत नाही. त्यांचा मिनी हा डेस्कटॉप २०२४ मध्ये सोळा जीबी मेमरीसह साठ हजारांच्या आत आला होता. जेवणाच्या डब्याएवढा, मॉनिटर वेगळा घ्यायचा. मला तो आवडला होता. आम्ही अडलो ते एका वेगळ्याच कारणाने. निकाहच्या फिल्मवर वधू-वरांची नावे उर्दूत, नस्तालिक लिपीत हवी असतात, आणि आमच्याकडची मुले ती विंडोजवरच्या इनपेजमध्ये लिहून चित्र म्हणून फिल्मवर आणतात. हाताला बसलेली सवय सीझनमध्ये मोडू नये, असे ठरले.

आणि 'लग्नात कसा नेणार' या प्रश्नाचे काय झाले? डेस्कटॉप घेतल्यापासून आजवर भाच्याला लग्नाच्या हॉलमध्ये बसून फिल्म कापण्याची वेळ आलेली नाही. त्याच दिवशी मिनिटभराची रील हवी असते, ती तो मोबाईलवर करून देतो. कार्डे रिकामी करायला एक बाहेरची डिस्क आणि मित्राचा जुना लॅपटॉप पुरतो. तो बंद पडलेला महागडा लॅपटॉप दुरुस्त होऊन आता माझ्या दुकानात आहे. त्यावर मुनीम बिले करतो. एक लाख बारा हजारांचे बिलिंग मशीन मालेगावात दुसऱ्या कोणाकडे नसेल.

परंतु मागच्याच महिन्यात भाचीने विचारले तेव्हा मी तिला लॅपटॉपच सांगितला. ती घरी बसून मेहंदीवाल्यांचे आणि ड्रेस शिवणाऱ्या बायकांचे छोटे व्हिडिओ जोडून देते. घर दोन खोल्यांचे, माणसे सात. टेबल ठेवायला जागा नाही. दुपारी सगळे कामावर गेले की ती बाहेरच्या खोलीत बसते, संध्याकाळी आतल्या, आणि लाईट गेली तरी तिचे काम थांबता कामा नये. तिचे चित्रण मोबाईलचे, तासन्‌तासांचे नाही. तिला डेस्कटॉप म्हणजे घरात आणखी एक माणूस. मी एवढेच सांगितले की रॅमच्या दोन खाचा मोकळ्या आहेत ना, डिस्क बदलता येते ना, हे दुकानात पेटी फोडण्याआधी विचार, पडद्याशेजारी आपली मरून ओढणी धरून बघ, आणि मे महिन्यात खालून वारा लागेल अशी जाळीची चौकी घे. रंगीत दिव्यांचा घेऊ नकोस म्हटले, तर हसली. म्हणाली, "मामू, ते तुम्हालाच आवडले होते."